मासळी कुठे उतरवायची आणि कुठल्या कागदावर: महाराष्ट्रातल्या नवीन बोटवाल्यांसाठी आणि माल घेणाऱ्यांसाठी

नवीन बोट घेतलेली पोरं आणि नवीन पीलिंग शेड (कोळंबी-मासळी सोलायची शेड) किंवा छोटं प्रोसेसिंग युनिट टाकलेले लोक, दोघांचाही प्रश्न एकच असतो, परवाना काढलाय ना, मग आता अजून कसले कागद? मी आधी घरच्या ट्रॉलरचे (जाळं ओढत मासे धरणाऱ्या बोटीचे) कागद सांभाळले आणि आता धक्क्यावरून फॅक्टरीसाठी माल घेतो, त्यामुळे बोटवाल्याची बोंब आणि फॅक्टरीवाल्याची बोंब, दोन्ही रोज कानावर असतात. म्हणून हे सगळं एकदा लिहून ठेवतोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. परवाना बोटीचा असतो, पण त्याचा खरा हिशोब होतो तो मासळी धक्क्यावर उतरते तेव्हा. कुठल्या बोटीने, कुठल्या जाळ्याने, कधी आणि किती माल उतरवला, याचा कागद नीट असेल तर तीच म्हाकूल युरोपला जाते, नसेल तर लोकल मार्केटला जाते, आणि दोन्ही भावांत किती फरक असतो ते कुठल्याही दलालाला विचारा.

१. आधी पाणी कुणाचं ते समजून घ्या

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचं पाणी राज्याच्या ताब्यात. तिथे महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ चालतो, ज्यात २०२१ साली मोठी दुरुस्ती होऊन दंड एकदम वाढले. त्याच्या बाहेर २०० मैलांपर्यंत केंद्राचं. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने या बाहेरच्या पाण्यासाठी नवीन नियम काढले, त्यानुसार यांत्रिक बोटी आणि मोठ्या मोटर बोटींना तिथे मासेमारी करायला अ‍ॅक्सेस पास लागतो. छोट्या पारंपरिक बोटींना तो नको. पास ऑनलाईन मिळतो, रिअलक्राफ्ट नावाच्या पोर्टलवर, आणि त्याला फी नाही. त्यामुळे कुणी पासाची फी म्हणून पैसे मागितले तर ते सरकारला जाणारे नाहीत एवढं लक्षात ठेवा. फॉर्म भरून द्यायचे पैसे वेगळे, ते ज्याचे त्याला द्या.

आपले बरेचसे ट्रॉलर आत-बाहेर दोन्हीकडे जातात. म्हणजे राज्याचा परवानाही हवा आणि पासही. एक आहे म्हणून दुसरं चालतं असं होत नाही.

२. नोंदणी वेगळी, परवाना वेगळा

इथे नवीन माणूस हमखास गोंधळतो. नोंदणी म्हणजे बोटीची ओळख, तो आयएनडी-एमएच पासून सुरू होणारा नंबर, जो बोटीवर मोठ्या अक्षरात रंगवायचा असतो. ती केंद्राच्या व्यापारी जहाज कायद्याखाली होते. मासेमारी परवाना म्हणजे त्या बोटीने राज्याच्या पाण्यात अमुक पद्धतीने मासे धरायची परवानगी, आणि त्याची मुदत संपते, पुन्हा पुन्हा नूतनीकरण करावं लागतं. दोन्हीचे अर्ज आता रिअलक्राफ्टवरच होतात, पण तपासणीला माणूस मत्स्यव्यवसाय खात्याचाच येतो आणि बोट प्रत्यक्ष बघतो.

साधारण हे कागद जवळ ठेवा:

- मालकाचं आधार, पॅन, बँक पासबुक
- मच्छीमार सहकारी संस्थेचा सभासद असल्याचा दाखला
- बोट बांधणाऱ्याचं बिल किंवा सर्टिफिकेट, इंजिनचं बिल (इंजिन नंबर वाचता येईल असं)
- जुनी बोट असेल तर खरेदीखत आणि आधीच्या मालकाची मूळ नोंदणी
- कर्ज असेल तर बँकेचं किंवा संस्थेचं ना-हरकत पत्र
- विम्याचे कागद
- नंबर दिसेल असे बोटीचे फोटो
- लाईफ जॅकेट, लाईफ बॉय वगैरे सामान बोटीवर असल्याचा पुरावा
- तांडेल (बोटीचा कप्तान) आणि खलाशांची ओळखपत्रं

जुनी बोट घेताना डोळ्यात तेल घालून बघा. बोट ताब्यात आली, रंग मारला, नाव बदललं, पण कागदावर अजून जुनाच मालक, असं किनाऱ्यावर सर्रास चालतं. मग होतं काय, की मासळी तुम्ही उतरवता पण सगळी नोंद दुसऱ्याच्या नावावर पडते, डिझेल परतावा त्याच्या संस्थेच्या यादीत अडकतो आणि उद्या काही लफडं झालं तर नोटीस त्याला जाते आणि तो तुमच्याशी भांडायला येतो. दुसऱ्या राज्यातून बोट आणत असाल तर तिथली नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मी तर म्हणेन टोकनही बेताचंच द्या.

३. परवाना उघडून वाचा, फाईलीत ठेवून देऊ नका

परवान्यावर बोटीचं बंदर, मासेमारीचा प्रकार आणि मुदत लिहिलेली असते. यातला मासेमारीचा प्रकार सगळ्यात महत्त्वाचा. ट्रॉलचा परवाना असताना बोटीवर दुसरंच जाळं सापडलं तर तो परवाना नसल्यासारखाच आहे.

पर्ससीनबद्दल (थव्याला घेरून खालून आवळायचं मोठं जाळं) खास सांगतो कारण फसवणूक इथेच जास्त होते. राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर बंधनं घातली, हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला आणि नवीन परवाने देणं थांबवलं. तरी कुणीतरी येतो आणि सांगतो की बोट घे, पर्ससीनचा परवाना करून देतो. असं कुणी म्हणालं की तिथूनच उठा. एलईडी लाईट लावून मासेमारी आणि दोन बोटींनी मिळून ओढायचं बुल ट्रॉलिंग, हे तर केंद्राने २०१७ मध्येच बाहेरच्या पाण्यात बंद केलंय, राज्याच्या पाण्यातही बंद आहे, आणि २०२१ नंतर त्याचे दंड लाखांत आहेत. बोटीवर जनरेटर आणि लाईटचा संच नुसता पडून असला तरी तपासणीत प्रश्न विचारले जातात. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनने पाहणी सुरू झालीय, त्यामुळे रात्री कोण बघतंय हा हिशोब आता चालत नाही.

४. बाहेर पडताना आणि आत येताना नोंद करा

२६/११ नंतर किनाऱ्यावर आवक-जावक नोंदीला महत्त्व आलं ते तसंच आहे. बोटीवर किती खलाशी, कोण कोण, कधी निघाली, कधी आली, हे बंदरावरच्या सुरक्षा रक्षकाकडे नोंदवायचं. लोकांना ही कटकट वाटते. मला विचाराल तर ही नोंद तुमच्याच कामाची आहे, कारण पुढे कधी तारखेचा वाद झाला तर तुमच्या बाजूने बोलणारा हा एकमेव कागद असतो जो तुम्ही स्वतः लिहिलेला नसतो.

बोट कुठे आहे ते कळवणाऱ्या यंत्राचं, म्हणजे ट्रान्सपॉन्डरचंही तेच. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते त्याची देशभराची योजना सुरू झाली, किनारी राज्यांतल्या १ लाख बोटींवर बसवायची अशी ती योजना आहे. काही तांडेल तो बंद ठेवतात, कारण आपली मासळीची जागा दुसऱ्याला कळेल अशी भीती. भीती समजण्यासारखी आहे. पण बंद ट्रान्सपॉन्डर घेऊन तुम्ही नियम पाळला हे सिद्ध कसं करणार?

५. धक्क्यावर माल उतरवताना

आता मुख्य मुद्दा. राज्यात मासळी उतरवायची केंद्रं शंभराहून जास्त आहेत, पण ससून डॉक, भाऊचा धक्का, हर्णै, मिरकरवाडा अशा मोठ्या ठिकाणी जे रेकॉर्ड होतं ते एखाद्या छोट्या खाडीच्या तोंडाशी होत नाही. तुमच्या मूळ बंदराशिवाय दुसरीकडे माल उतरवायचा विचार असेल, म्हणजे रत्नागिरीची बोट भाव बघून मुंबईला नेणं वगैरे, तर तिथल्या परवाना अधिकाऱ्याशी आधी बोलून घ्या. फोनवर विचारलं तर बरं, जमलं तर मेसेजवर, म्हणजे लेखी राहतं.

उतरवताना या क्रमाने करा:

- निवडप (जात आणि आकार बघून माल वेगळा करणं) आधी. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिलाय. पापलेटला १३५ मिलिमीटर. पापलेट त्याच वर्षी राज्य मासा म्हणून जाहीर झाला, त्यामुळे तपासणीला आलेला माणूस पहिल्यांदा पापलेटच्याच क्रेटमध्ये हात घालतो. धक्क्यावर एक पट्टी ठेवा, प्लास्टिकची साधी चालते, आणि निवडप करणाऱ्या बायकांना कुठली खूण बघायची ते दाखवून द्या.
- वजन जातवार. "मिक्स माल ४० क्रेट" असं लिहू नका. म्हाकूल वेगळी, राणी वेगळी, बला वेगळा. हर्ण्याच्या पुळणीवरच्या लिलावात हे कठीण जातं, माहितीय, तिथे बोली सुटेपर्यंत कुणाला धीर नसतो, पण निदान मोठ्या लॉटचं तरी करा.
- पावतीवर बोटीचा पूर्ण नंबर. पावती लिहिणाऱ्याचा हात ओला, बर्फाचं पाणी कागदावर, कार्बन फिका, आणि १ चा ७ होतो. बोटीचं नाव लिहून काम भागत नाही, एकाच नावाच्या बोटी एकाच बंदरात कितीतरी असतात. पावती हातात आली की नंबर मोठ्याने वाचा आणि तिथल्या तिथे मोबाईलवर फोटो काढा.
- तारीख उतरवल्याची. लिलाव दुसऱ्या दिवशी झाला तर दोन तारखा लिहा.

बोटीवर साधी वही ठेवा. कधी जाळं टाकलं, साधारण कुठे, काय आलं. तांडेल लिहीत नसेल तर शिकलेला एखादा पोरगा असतो खलाशांत, त्याला सांगा.

६. उचल घेण्याआधी विचार करा

बाहेरच्या काही देशांत परवान्यातच लिहिलेलं असतं की पकडलेल्या मालातला ठराविक टक्का आपल्याच देशातल्या बंदरात उतरवला पाहिजे. ब्रिटनमध्ये हे बरीच वर्षं आहे, स्कॉटलंडने २०२३ पासून मुख्य जातींसाठी ते टप्प्याटप्प्याने कडक केलं. हेतू असा की परवाना इथला, मासा इथला, मग फॅक्टरीतलं कामही इथेच व्हावं. बोटवाले ओरडतात की शेजारच्या देशात भाव जास्त मिळतो, फॅक्टरीवाले म्हणतात माल आलाच नाही तर मशीन कशासाठी लावली.

आपल्याकडे असा टक्का नाही. पण बोट कुठे लागायची हे आपल्याकडेही ठरलेलंच असतं, फक्त ते सरकार ठरवत नाही, दलाल ठरवतो. हंगामाच्या सुरुवातीला डिझेल, बर्फ, जाळी, खलाशांचे अ‍ॅडव्हान्स यासाठी उचल घेतली की माल त्याच्याकडेच टाकायचा, तो म्हणेल त्या धक्क्यावर, तो म्हणेल त्या भावाने. यात दलालाला नुसतं व्हिलन करायचं कारण नाही, बँक ज्या वेळी दार उघडत नाही त्या वेळी तोच पैसे देतो. पण उचल घेताना तीन गोष्टी बोलून घ्या: माल कुठल्या बंदरात टाकायचा, पावती जातवार आणि बोटीच्या नंबराने मिळेल का, आणि भाव लिलावाचा की त्याचा. दुसरी गोष्ट सगळे विसरतात. दलालाने दहा बोटींचा माल एकत्र करून एकाच पावतीवर पुढे विकला तर तुमच्या बोटीचा माल कागदावर उरतच नाही.

मत्स्यव्यवसायाला राज्याने २०२५ मध्ये कृषीचा दर्जा दिलाय, त्यामुळे कर्जाचे पर्याय आधीपेक्षा वाढायला हवेत. किसान क्रेडिट कार्डसाठी संस्थेमार्फत अर्ज करून बघा, उचल थोडी कमी झाली तरी हात मोकळा होतो.

७. माल घेणाऱ्यांनी काय बघायचं

आता शेडवाले आणि फॅक्टरीवाले. तुम्हाला एफएसएसएआयचं (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) लायसन्स लागतं, एक्सपोर्ट करायचं तर एमपीईडीएची (केंद्राचं सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण) नोंदणी आणि एक्सपोर्ट इन्स्पेक्शन एजन्सीची मान्यता. हे बहुतेकांना माहीत असतं, कन्सल्टंट सांगतो. जे सांगत नाही ते म्हणजे हे सगळं असूनही माल अडकू शकतो, बोटीच्या कागदामुळे.

युरोपियन युनियनने १ जानेवारी २०१० पासून समुद्रातून पकडलेल्या मासळीला कॅच सर्टिफिकेट सक्तीचं केलं. आपल्याकडे ते एमपीईडीए तपासून देतं. त्यात बोटीचं नाव, नोंदणी नंबर, परवाना नंबर, पकडीचा भाग, तारीख, जात, वजन हे सगळं येतं. म्हणजे तुम्ही एसी ऑफिसात बसून जे सर्टिफिकेट मागता त्याची पहिली ओळ धक्क्यावरच्या त्या ओल्या पावतीवर लिहिलेली असते. १२ मीटरपेक्षा लहान आणि ओढायचं जाळं नसलेल्या बोटींसाठी सोपा फॉर्म आहे, त्यात अनेक छोट्या बोटींचा माल एकत्र दाखवता येतो, पण ट्रॉलरसाठी ही सवलत धरून चालू नका. आणि १० जानेवारी २०२६ पासून युरोपच्या बाजूने हे सगळं त्यांच्या ऑनलाईन सिस्टीमवर सक्तीचं झालंय, त्यामुळे एकाच बोटीचा माल दोन फॅक्टऱ्यांनी दाखवला आणि दोघांचं मिळून वजन प्रत्यक्ष उतरवलेल्या वजनापेक्षा जास्त निघालं, तर ते लपून राहील ही आशा सोडा.

माल घेताना हे करा:

- बोटीचा परवाना चालू आहे का ते हंगामाच्या सुरुवातीलाच बघा, कॉपी घ्या, मुदत संपायची तारीख कॅलेंडरला लावा. मधल्या काळात परवाना संपलेल्या बोटीचा माल तुमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आधीच बसलेला असतो आणि मग काही करता येत नाही.
- प्रत्येक लॉटला बोटीच्या नंबराचं टॅग. क्रेटला बांधलेलं टॅग बर्फात गळून पडतं, म्हणून दोन लावा, एक आत एक बाहेर.
- कच्चा माल किती घेतला आणि साफ केल्यावर किती निघाला, दोन्ही रोजच्या रोज लिहा. कोळंबी सोलली की वजन केवढं उतरतं ते तुम्हाला माहीत आहे, पण कागद तपासणाऱ्याला ते कागदावरच दिसायला हवं.
- समुद्रातल्या कोळंबीला अमेरिकेचं दार २०१९ पासून बंद आहे, ट्रॉल जाळ्यात कासव सुटायचं साधन नसतं म्हणून. त्यामुळे कोळंबीच्या जोरावर युनिट टाकताय तर हिशोब आधी नीट करा.

नवीन केंद्रीय नियमांत एक चांगली गोष्ट आहे, बाहेरच्या पाण्यात पकडलेली मासळी भारतीयच धरली जाईल हे स्पष्ट केलंय, आणि रिअलक्राफ्ट एमपीईडीएला जोडायचं काम चालू आहे. जोडणी नीट झाली तर तुमची अर्धी धावपळ कमी होईल. पण त्याचा दुसरा अर्थ हाही की पोर्टलवर बोटीची माहिती चुकीची असेल तर ती चूक थेट तुमच्या सर्टिफिकेटपर्यंत येईल.

८. बंदीच्या दोन महिन्यांचं गणित

१ जून ते ३१ जुलै पावसाळी मासेमारी बंदी, यांत्रिक बोटी बंद, ६१ दिवस. बोटवाल्यांना हे माहीत असतं, नवीन शेडवाल्याला त्याची धग जूनच्या मध्यावर लागते. सोलणीच्या बायका किलोवर काम करतात, माल नाही तर मजुरी नाही, आणि त्या दुसऱ्या कामाला गेल्या की ऑगस्टमध्ये परत मिळतीलच असं नाही. ज्यांचं बरं चालतं ते मे महिन्यात फ्रोजन स्टॉक करून ठेवतात आणि जून-जुलैत पॅकिंग, दुरुस्ती, ट्रेनिंग काढतात. बंदीत कुणी स्वस्तात "ताजा" ट्रॉलरचा माल आणून दिला तर घेऊ नका. तो माल कुठल्या तारखेला, कुठल्या बोटीने उतरवला हे तुम्ही कुठल्याच कागदावर लिहू शकणार नाही.

बोटवाल्यांनी याच दोन महिन्यांत कागद उरकायचे. परवाना नूतनीकरण, विमा, नंबर पुन्हा रंगवणं (खाऱ्या पाण्याने तो उडतोच), ट्रान्सपॉन्डर तपासणं, डिझेल कोट्यासाठी संस्थेकडे कागद देणं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सगळं गाव एकदम पोर्टलवर तुटून पडतं आणि मग पेज उघडत नाही म्हणून आरडाओरड, तेव्हा जूनमध्येच करा.

९. बोट पकडली तर

आधी प्रकरणं तहसीलदाराकडे जायची, २०२१ च्या दुरुस्तीनंतर ती मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यापुढेच चालतात, त्यामुळे निकाल पूर्वीपेक्षा लवकर लागतो. जप्त मासळी नाशवंत म्हणून तिचा लिलाव होतो. दंड लाखांत जाऊ शकतो आणि काही बाबतीत तो मासळीच्या किमतीच्या पटीत लागतो, म्हणून लिलावात किती रक्कम आली याचा कागद मागून घ्या. पंचनाम्यावर सही करण्याआधी जाळ्याचा प्रकार, जागा आणि वेळ काय लिहिलंय ते अधिकाऱ्याला तांडेलासमोर वाचून दाखवायला सांगा, तांडेलाला नीट वाचता येत नसेल तर तसं पंचनाम्यातच लिहायला लावा. सुनावणीला जाताना परवाना, पास, बंदरातली आवक-जावक नोंद, ट्रान्सपॉन्डरचा रेकॉर्ड, बोटीवरची वही आणि आधीच्या पावत्या, सगळ्याच्या दोन-दोन प्रती न्या. निकालाची प्रत त्याच दिवशी मागा आणि हातात मिळाल्याची तारीख तिच्यावर लिहून घ्या, कारण अपिलाचे दिवस मोजताना वाद होतो तो नेमका याच तारखेवरून.